लाप्पेनरान्ताचा रानमाणूस: चित्रातून जन्मलेल्या नावाचे प्रकरण

फिनलंडच्या आग्नेय भागात, साइमा सरोवराच्या दक्षिण काठावर, लाप्पेनरान्ता हे शहर आहे. या शहराच्या नगरचिन्हात किल्ला नाही, गलबत नाही, मुकुट नाही आणि सिंहही नाही. चिन्हाच्या ढालीवर (युरोपात अशी चिन्हे ढालीच्या आकारात काढतात) एक माणूस उभा आहे. त्याच्या अंगावर वस्त्र नाही, डोक्याभोवती आणि कमरेभोवती पानांचे वेष्टन आहे आणि हातात जाडजूड लाकडी सोटा आहे. फिनिश भाषेत त्याला 'विल्लीमिएस' म्हणतात. मराठीत या शब्दाला काय म्हणावे, इथूनच अडचण सुरू होते, कारण 'रानमाणूस' म्हटले तर रानात राहणारा एवढाच अर्थ होतो आणि 'रानटी माणूस' म्हटले तर त्याच्यावर निवाडाच दिल्यासारखे होते. मी इथे 'रानमाणूस' हा शब्द वापरतो आहे. परंतु ज्यांनी हे चिन्ह घडवले, त्यांच्या मनात दुसरा अर्थ अधिक होता, असे मानायला जागा आहे.

हे शहर रानात शिकार करणाऱ्यांनी वसवलेले नाही. ते व्यापारासाठी स्थापन झाले. मग त्याच्या ढालीवर रानमाणूस का यावा, आणि पुढे त्या चित्रावरून शहराला दुसरे नाव कसे पडावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. नगरचिन्हांच्या अभ्यासात प्रतीकांचे अर्थ सांगण्याची घाई फार होते: सोटा म्हणजे बळ, हिरवी पाने म्हणजे निसर्ग, असे म्हणून लोक मोकळे होतात. लाप्पेनरान्ताच्या बाबतीत त्या पद्धतीने हाती काहीच लागत नाही, कारण इथे प्रतीक एका शब्दातून निघाले आणि पुन्हा एका शब्दात जाऊन मिसळले.

सतराव्या शतकात फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या काळातले गव्हर्नर जनरल पेर ब्राहे यांनी फिनलंडमध्ये नवी शहरे वसवण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. १६३९ मध्ये हामेनलिन्ना आणि साव्होनलिन्ना, १६४९ मध्ये राहे आणि क्रिस्तीनान्काउपुंकी, १६५१ मध्ये कायानी, अशी ती यादी आहे. राणी क्रिस्तीनाच्या कारकिर्दीत १६४९ मध्येच लाप्पेनरान्तालाही शहराची सनद मिळाली. साइमा सरोवराच्या विशाल जलप्रदेशातून डांबर आणि इतर माल होड्यांनी दक्षिण काठावर येई आणि तिथून जमिनीच्या वाटेने समुद्रकाठच्या वीपुरी बंदराकडे जाई. (हे डांबर कोळशाचे नव्हे, पाइनच्या लाकडातून काढलेले, लाकडी जहाजांना ते लावल्यावाचून चालत नसे, म्हणून त्या काळी त्याचे मोल मोठे होते.) बाजाराची जागा आधीपासून होती. सनदेमुळे तिला शहराचा दर्जा, हक्क आणि स्वतःची मुद्रा मिळाली.

मुद्रा ही त्या काळी शोभेची वस्तू नव्हती. शहराने केलेला करार, दिलेला दाखला, पाठवलेले पत्र या सगळ्यांवर तिचा ठसा उमटे, आणि ठसा पाहूनच दूरचा माणूस ते पत्र कोणाचे हे ओळखे. त्यामुळे मुद्रेवरचे चित्र शहराच्या नावाची आठवण करून देणारे असेल तर काम सोपे होई. अशा चिन्हाला फिनिशमध्ये 'बोलते चिन्ह' या अर्थाची संज्ञा आहे. युरोपात त्याचे दाखले भरपूर सापडतात. बर्लिनच्या ढालीवर अस्वल आहे, कारण नावाचा उच्चार अस्वलाच्या जर्मन शब्दाजवळ जातो. स्पेनमधल्या लेओनच्या ढालीवर सिंह आहे, आणि हा दाखला आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण लेओन हे नाव मुळात सिंहावरून आलेलेच नाही. तिथे रोमन सैन्यदलाची छावणी होती आणि सैन्यदलाला लॅटिनमध्ये 'लेजिओ' म्हणत. कानाने सिंह ऐकला, हाताने सिंह काढला, आणि पुढच्या पिढ्यांना तो सिंहच खरा वाटू लागला.

लाप्पेनरान्ताच्या नावात दोन भाग आहेत. 'रान्ता' म्हणजे काठ. 'लाप्पेन' हे लाप्पे या तिथल्या जुन्या परगण्याच्या नावाचे षष्ठीचे रूप. म्हणजे शहराचे नाव साधे आहे: लाप्पेचा काठ. प्रश्न लाप्पेचा आहे. स्वीडिश कागदपत्रांत या परगण्याला 'लाप्वेसी' म्हणत. त्यातला 'वेसी' हा पाण्यासाठीचा फिनिश शब्द आणि पहिला भाग 'लाप'. स्वीडिश अधिकाऱ्याच्या कानाला 'लाप' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता: उत्तरेकडचे सामी लोक, ज्यांना बाहेरचे लोक शतकानुशतके लाप म्हणत आले. आज हा शब्द सामी लोकांना अपमानकारक वाटतो आणि जबाबदार लेखनातून तो हद्दपार झाला आहे, म्हणून मी तो इतिहास सांगण्यापुरताच वापरतो आहे.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. फिनिशमध्ये 'लापे' असाही शब्द आहे. त्याचा अर्थ एखाद्या वस्तूची रुंद, सपाट बाजू, आणि त्याचे षष्ठीचे रूप नेमके 'लाप्पेन' असेच होते. म्हणजे फिनिश कानाला त्या नावात माणसांची जमात ऐकू येणे आवश्यक नव्हते. दुसरीकडे, दक्षिण फिनलंडमध्ये 'लाप्पी' हा शब्द असलेली स्थलनामे पुष्कळ आहेत. जुन्या काळी फिनिश शेतकरी हा शब्द जंगलात शिकार आणि मासेमारी करून राहणाऱ्या लोकांसाठी वापरत, मग ते भाषेने सामी असोत वा नसोत. शिवाय सामी भाषा एके काळी फिनलंडच्या अंतर्भागात आजच्यापेक्षा खूप दक्षिणेपर्यंत बोलल्या जात होत्या, असे भाषाभ्यासक मानतात. तेव्हा लाप्पे या नावामागे कोणी खरी माणसे असतील, हे शक्य आहे. परंतु १६४९ मध्ये साइमाच्या दक्षिण काठावर बाजार भरवणारे लोक सामी नव्हते, आणि मुद्रा घडवणाऱ्यांनी त्या माणसांची चौकशी केली असे चित्रावरून तरी दिसत नाही. त्यांनी एक शब्द घेतला आणि त्याचे चित्र शोधले.

चित्र शोधायला फार लांब जावे लागले नाही. रानमाणूस हा मध्ययुगीन युरोपच्या कल्पनेतला जुना रहिवासी होता. केसाळ, उघडा, पानांनी झाकलेला, हातात उपटलेले झाड किंवा सोटा घेतलेला हा माणूस जर्मन प्रदेशांतल्या भित्तिवस्त्रांवर, मिरवणुकांत, नाण्यांवर सर्वत्र दिसे. डेन्मार्कच्या राजचिन्हात आजही ढालीच्या दोन्ही बाजूंना सोटे घेतलेले दोन रानमाणूस उभे आहेत. तिथे ते कोणत्याही जमातीचे चित्र नाहीत; ते बळाचे आणि राखणीचे चिन्ह आहेत. स्वीडनमध्ये मात्र या आकृतीला वेगळे काम मिळाले. राजा नववा कार्ल याने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या बिरुदावलीत 'उत्तरेकडील लापांचा राजा' अशी भर घातली, आणि त्याच सुमारास लापलंड प्रांतासाठी ढालीवर रानमाणूस आला. राज्याच्या दृष्टीने ही उत्तरेवरच्या हक्काची घोषणा होती, कारण त्या भूमीवर डेन्मार्क-नॉर्वे आणि रशिया यांचेही दावे होते. चिन्हकारांच्या दृष्टीने 'लाप' या शब्दाला एक ठरलेले चित्र मिळाले. पुढे लाप्पेनरान्ताच्या मुद्रेची वेळ आली तेव्हा ते चित्र तयारच होते.

आता त्या आकृतीकडे जवळून पाहावे. कमरेभोवती पाने आहेत. उत्तरेत हिवाळा वर्षाचा निम्मा भाग व्यापतो, बर्चच्या झाडाला पाने उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांपुरती असतात, आणि तापमान शून्याखाली ३० अंशांपर्यंत जाणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. त्या हवेत पाने गुंडाळून कोणी राहू शकत नाही. सामी माणूस रेनडिअरच्या कातड्याचा जाड अंगरखा घाली. त्याच्या जोड्यांत मऊ केलेले वाळके गवत भरलेले असे, म्हणजे पाय कोरडा आणि ऊबदार राही. ते गवत योग्य वेळी कापणे, कुटणे, गुंडाळून ठेवणे आणि रोज जोड्यात नीट भरणे हे स्वतंत्र कौशल्य होते, आणि ते चुकले तर बोटे गोठत. त्याच्या हातात सोटा नसे. धनुष्य असे, भाला असे, रेनडिअर पकडायचा दोर असे, पायाखाली लाकडी स्की असत. ढालीवरच्या माणसाजवळ यातले काहीही नाही. जो उत्तरेचा मानला गेला, त्याच्या अंगावर मध्य युरोपातल्या उबदार जंगलाचा वेश आहे.

हे अज्ञान माहितीच्या अभावाने आले, असेही म्हणता येत नाही. स्वीडिश राज्याचे कर वसूल करणारे, धर्मोपदेशक आणि व्यापारी सामी लोकांमध्ये वावरत होते. लाप्पेनरान्ताच्या सनदेनंतर अवघ्या २४ वर्षांनी, १६७३ मध्ये, उप्साला येथील प्राध्यापक योहानेस शेफेरुस यांनी सामी लोकांचे वस्त्र, वाहने, ढोल आणि श्रद्धा यांचे सविस्तर वर्णन करणारा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागचे एक कारण असे, की स्वीडनने तीस वर्षांच्या युद्धातले विजय सामी जादूच्या जोरावर मिळवले, अशी अफवा युरोपात पसरली होती आणि राज्याला ती खोडून काढायची होती. म्हणजे माहिती होती, गरज पडली तेव्हा ती गोळाही केली गेली. ढालीला मात्र तिची गरज वाटली नाही, कारण ढालीला ओळखू येणारी आकृती हवी असते, आणि ओळखू येणारी आकृती बहुधा आधीच्या चित्रांतून येते, माणसांतून येत नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच आहे.

यापुढची पायरी अधिक विलक्षण आहे. मुद्रेवर रानमाणूस आला आणि शहराचे स्वीडिश नाव 'विल्मानस्त्रान्द' असे रूढ झाले: 'विल्मान' म्हणजे रानमाणूस आणि 'स्त्रान्द' म्हणजे काठ. फिनिश नावातला काठ तसाच राहिला, पण लाप्पेच्या जागी चित्रातला माणूस येऊन बसला. एरवी बोलत्या चिन्हात नाव आधी असते आणि चित्र त्याचा प्रतिध्वनी असते. इथे चित्रच आधी झाले आणि नाव त्याचा प्रतिध्वनी बनले. शब्दाचे चित्र झाले, चित्राचा पुन्हा शब्द झाला, आणि या दोन भाषांतरांच्या दरम्यान लाप्पे नावाचा खराखुरा परगणा स्वीडिश नकाशावरच्या शहरनामातून पुसला गेला.

नाव टिकले ते शहराच्या भरभराटीमुळे नव्हे. शेजारच्या वीपुरीच्या व्यापाऱ्यांना हा नवा बाजार खुपत होता, आणि त्यांच्या दबावामुळे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाप्पेनरान्ताला शहराचे हक्क गमवावे लागले. नाव जगभर नेले ते युद्धाने. १७२१ च्या तहात वीपुरी रशियाकडे गेले आणि लाप्पेनरान्ता एकाएकी सरहद्दीवरचे ठिकाण झाले. १७४१ च्या ऑगस्टमध्ये रशियाच्या सैन्याने फील्ड मार्शल पीटर लेसी यांच्या नेतृत्वाखाली इथे स्वीडिश सैन्याचा पराभव केला, स्वीडिश सेनापती व्रांगेल कैद झाला आणि शहर जळून गेले. युरोपच्या युद्ध-इतिहासात ही लढाई विल्मानस्त्रान्दची लढाई म्हणून नोंदली गेली. १७४३ मध्ये शहरच रशियाकडे गेले, आणि रशियन दप्तरातही तेच नाव चालू राहिले. १८१२ मध्ये हा भाग फिनलंडच्या ग्रँड डचीला, म्हणजे तोवर रशियाच्या अधिपत्याखाली आलेल्या स्वायत्त फिनलंडला, पुन्हा जोडला गेला. एका मुद्राकाराच्या निवडीतून आलेला शब्द अशा रीतीने दोन साम्राज्यांच्या कागदपत्रांत फिरला. फिनिश बोलणारे लोक मात्र लाप्पेनरान्ताच म्हणत राहिले.

शहराभोवतालच्या प्रदेशाच्या, म्हणजे कारेलियाच्या, जुन्या चिन्हाशी या चिन्हाची तुलना केली तर त्याचे वेगळेपण अधिक ठळक होते. कारेलियाच्या ढालीवर शस्त्र उगारलेले दोन चिलखती हात समोरासमोर आहेत: एकाच्या हातात सरळ पश्चिमी तलवार, दुसऱ्याच्या हातात वक्र पौर्वात्य तलवार. १५६० मध्ये राजा गुस्ताव वासाच्या अंत्ययात्रेत हे चिन्ह मिरवले गेले होते. तेही बाहेरच्यांनीच दिलेले चिन्ह आहे. परंतु त्यात प्रदेशाची खरी अवस्था, दोन सत्तांच्या मधले अडकलेपण, नेमके पकडले आहे. लाप्पेनरान्ताने ती अवस्था कारेलियातल्या कोणत्याही गावाइतकीच सोसली, पण त्याच्या ढालीवर तिचा मागमूस नाही.

विसाव्या शतकात फिनलंडमध्ये नगरचिन्हांची नवी लाट आली. १९४९ च्या कायद्याने ग्रामीण नगरपालिकांच्या चिन्हांनाही रीतसर चौकट मिळाली, आणि पुढच्या दोन दशकांत शेकडो ठिकाणांनी स्वतःची चिन्हे घेतली. या नव्या चिन्हांची शिस्त कडक होती: रंग मोजके, आकृती मोठी आणि दुरून ओळखू येणारी, अक्षरे नकोत, निसर्गदृश्य नको. याच काळात झाडाच्या शेंड्यांसारख्या दातेरी विभाजनरेषा फिनिश चिन्हकलेत रुजल्या, ज्यासाठी चिन्हकार गुस्ताफ फॉन नुमर्स यांचे नाव घेतले जाते. आणि याच परंपरेतले इनारीचे चिन्ह आमच्या रानमाणसासमोर ठेवण्याजोगे आहे.

इनारी ही क्षेत्रफळाने फिनलंडमधली सर्वांत मोठी नगरपालिका, अगदी उत्तरेला, आणि खऱ्या अर्थाने सामी प्रदेशात. तिथे फिनिशबरोबर उत्तर सामी, इनारी सामी आणि स्कोल्ट सामी अशा एकूण चार भाषांना अधिकृत स्थान आहे. सामी संसदही तिथेच भरते. तिच्या ढालीवर माणूस नाही. तिथे एक मासा आहे आणि त्या माशाच्या डोक्यावर रेनडिअरची शिंगे आहेत. असा प्राणी सृष्टीत नाही, तरीही ते चित्र पानांच्या लंगोटीतल्या माणसापेक्षा कितीतरी खरे आहे. इनारी सरोवरातली मासेमारी आणि भोवतालच्या माळरानावरचे रेनडिअर-पालन, या दोन गोष्टींवर तिथले घर चालत आले. चित्राने त्या दोन्ही एका देहात बसवल्या. लोक कसे दिसतात हे सांगण्याच्या फंदात न पडता ते कशावर जगतात हे सांगणे, ही मला त्या चिन्हातली सर्वांत मोठी समजूत वाटते.

मग लाप्पेनरान्ताने आपला रानमाणूस काढून टाकावा काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याची कारणे भावनेची नाहीत. पहिले कारण असे, की हे चिन्ह पुसले तर त्याबरोबर शहराच्या स्वीडिश नावाचा उलगडाही पुसला जाईल. नाव राहील आणि त्याचे कारण हरवेल. दुसरे कारण चिन्हशास्त्रातले आहे. नगरचिन्हाचा गाभा त्याच्या शब्दवर्णनात असतो. चित्रकार त्या वर्णनाला धरून आकृती नव्याने काढू शकतो. तेव्हा रानमाणूस कसा उभा आहे, त्याचा चेहरा हिंस्र आहे की शांत, सोटा उगारलेला आहे की टेकवलेला, हे प्रत्येक पिढीच्या हातात आहे. सध्याच्या फिनलंडमध्ये चिन्हाविषयीचा निर्णय नगरपालिकेच्या निर्वाचित सभेकडे आहे, आणि त्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराचे मत घ्यावे लागते, त्यामुळे बदल करायचाच असेल तर त्याला रीतसर वाट आहे.

परंतु चिन्ह ठेवायचे तर त्याची ओळख नीट करून द्यायला हवी. 'हा प्राचीन लाप माणूस' असे वाक्य त्याखाली येणे चूक आहे, कारण तो कोणताही लाप माणूस नाही. तो १७ व्या शतकातल्या राज्यकर्त्यांच्या मनातल्या एका शब्दाचे चित्र आहे. फिनलंडच्या राज्यघटनेने सामी लोकांना आदिम लोक म्हणून स्वतःची भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क दिला आहे. ज्या देशाने एवढे मान्य केले, त्या देशातल्या शहराच्या ढालीचे वर्णन तेवढ्याच काळजीने लिहिले जावे, ही अपेक्षा जास्तीची नाही. शाळेतल्या मुलाला चिन्हाचा अर्थ सांगताना 'आपल्या शहराच्या नावातला एक शब्द परक्या कानांनी असा ऐकला' हे वाक्य सहज सांगता येते, आणि ते त्याला समजतेही.

शहर नंतर वाढत गेले. १८५६ मध्ये साइमा कालवा खुला झाला आणि सरोवराचा माल थेट समुद्रापर्यंत जाऊ लागला. १९६७ मध्ये ज्याच्यावरून नाव पडले तो लाप्पे परगणाच शहरात विलीन झाला. म्हणजे स्वीडिश नावातून गेलेला लाप्पे अखेर नगरपालिकेच्या हद्दीत आला, पण ढालीवर रानमाणूसच राहिला. १९८९ मध्ये नुइयामा, २००९ मध्ये योउत्सेनो आणि २०१० मध्ये युलामा ही शेजारची ठिकाणे शहराला जोडली गेली. यातल्या नुइयामाच्या नावातला 'नुइया' म्हणजे सोटा. योगायोगच, पण रानमाणसाच्या हातात जे आहे, त्याच नावाचे गाव त्याच्या ढालीखाली आले. आज लाप्पेनरान्ता ही अधिकृतपणे फिनिश भाषेची नगरपालिका आहे, आणि विल्मानस्त्रान्द हे नाव स्वीडिश मजकुरापुरते उरले आहे. तरी नगरपालिकेच्या कचेरीचा पत्ता वर्षानुवर्षे ज्या रस्त्यावरचा राहिला, त्याचे नाव विल्लीमिएहेनकातू, म्हणजे रानमाणसाचा रस्ता. तिथून निघणाऱ्या पत्रावर वर तो माणूस असे, आणि खाली पत्त्यात पुन्हा त्याचेच नाव.